एकाच खोडाची पिलं: बेटांवरून खान्देशात आलेली केळी आणि तिच्या मागोमाग आलेले रोग

रावेर तालुक्यातल्या एका तरुण केळी उत्पादकाने विचारलं आहे: "केळी मूळची उष्ण प्रदेशातल्या बेटांवरची, असं वाचलं. मग ती आपल्या कोरड्या खान्देशात एवढी रमली कशी? आणि रमली असेल तर ऑगस्टमध्ये हरण्या (विषाणूरोग), पावसाळाभर करपा (पानांवरची बुरशी) आणि आता बिहार-उत्तर प्रदेशातल्या पनामाची (मर रोगाची) धास्ती, हे सगळं अख्ख्या बागेला एकदम का धरतं? ज्वारीत काही ताटं तरी तग धरतात, केळीत तसं होत नाही. जात बदलावी का?"

भाऊ, ज्वारीत काही ताटं तग धरतात आणि केळीत धरत नाहीत, हे तुम्ही बरोबर हेरलंत. सगळं उत्तर तिथूनच सुरू होतं. बियाण्यापासून येणाऱ्या देशी वाणात दाण्यागणिक थोडा फरक असतो. एखादा दाणा रोगाला चुकवून जातो आणि पुढच्या वर्षी त्याचीच पिढी वाढते. तुमच्या एकरात पाच बाय पाच फुटांवर १,७४२ खोडं उभी असतील, तर ते १,७४२ जागी उभं असलेलं एकच झाड आहे. पील (कंदातून फुटलेला कोंब) काढून लावा नाहीतर टिश्यूचं (प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेलं) रोप आणा, आत जनुकं तीच. एका खोडावर ज्या रोगाचं कुलूप उघडलं, त्याची किल्ली सगळ्या बागेला लागते. आणि रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगरपासून पलीकडे बुऱ्हाणपूरपर्यंत तीच बाग आहे.

याच्या उलटं टोक बघायचं असेल तर सातपुड्यात जा. तोरणमाळकडच्या कड्याकपाऱ्यांत पावसाळ्यात रानकेळ दिसते. ती केळीची चुलत बहीण, वंश वेगळा. तिला पील फुटत नाही. काही वर्षं कंदात साठा करते, एकदाच निसवते (घड बाहेर टाकते), फळात हरभऱ्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या टणक काळ्या बिया भरते आणि मरते. पुढची पिढी फक्त बियांतून, म्हणून प्रत्येक रोप वेगळं. आपली केळी नेमकी उलटी आहे, पील भरपूर आणि बी शून्य. रानकेळीला खायला गर नाही, पण तिची उत्क्रांती चालू आहे. आपल्या केळीला गर आहे, उत्क्रांती थांबलेली आहे.

ती थांबली कशी, ही बेटांचीच गोष्ट. मलाया, सुमात्रा, जावा, फिलिपिन्स, न्यू गिनी हा केळीच्या जंगली पूर्वजाचा मुलूख. याच द्वीपसमूहात आल्फ्रेड वॉलेस १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं हिंडला, आणि एका बेटावरचे जीव शेजारच्या बेटाहून इतके वेगळे का, या प्रश्नातून नैसर्गिक निवडीच्या सिद्धांतापर्यंत पोहोचला. मधे समुद्र असला की परागाची देवाणघेवाण बंद होते आणि दोन्हीकडची जात आपापल्या वाटेने बदलत जाते. जंगली केळीचंही तसंच झालं. मलाया-सुमात्रातली उपजाती वेगळी, जावातली वेगळी, न्यू गिनीतली वेगळी. सगळ्यांची गुणसूत्रं अकरा-अकराच्या दोन संचांत, पण त्यांची मांडणी जागोजागी अदलाबदल झालेली.

मग माणूस होडीत पिलं घालून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेला. न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या कुक इथल्या दलदलीत केळी लागवडीच्या साडेसहा-सात हजार वर्षांपूर्वीच्या खुणा मिळाल्या आहेत. समुद्राने वेगळ्या ठेवलेल्या उपजाती माणसाच्या परसात शेजारी आल्या आणि त्यांचा संकर झाला. मांडणी जुळत नसल्यामुळे संकरात पराग आणि बीजांड धड तयार होईनात, म्हणजे वांझपण आलं. त्यातच काही झाडांत फलन न होताच फळ भरण्याचा गुण होता. कधीतरी एका बाजूने गुणसूत्रांचा अर्धा संच येण्याऐवजी पूर्ण संच आला आणि तीन संचांची, ३३ गुणसूत्रांची केळी जन्मली. तीन संच दोघांत सारखे वाटता येत नाहीत, म्हणून बी जवळजवळ अशक्य. माणसाला हवं होतं तेच मिळालं. गर मोठा, बी नाही, वाढवायला पील आहेच. पण त्या दिवसापासून त्या झाडाच्या जनुकांचे पत्ते पिसणं बंद झालं.

आपण ज्याला जी-नाइन किंवा ग्रँड नैन म्हणतो ती याच तीन संचांच्या कॅव्हेंडिश गटातली. फ्रेंचमध्ये त्या नावाचा अर्थ 'मोठी बुटकी'. कॅव्हेंडिश हे नाव इंग्लंडमधल्या एका सरदार घराण्याचं. त्यांच्या काचघरात १८३०च्या सुमारास मॉरिशसमार्गे आलेलं रोप वाढवलं गेलं आणि तिथून मिशनऱ्यांच्या जहाजाने ते सामोआसारख्या प्रशांत महासागरातल्या बेटांवर पोहोचलं. बेट ते काचघर ते बेट. जुन्या लोकांची बसराई, नंतरची श्रीमंती आणि आजची ग्रँड नैन यांत उंची, घडाची ठेवण, फण्यांची संख्या वेगळी दिसते. तो फरक खोडात आपोआप झालेल्या किरकोळ बदलांचा आहे. रोगाच्या नजरेने ही तिन्ही एकच. म्हणून "बसराई सोडून ग्रँड नैन लावली, आता रोग बदलेल" असं होत नाही. आज जगातल्या केळी उत्पादनाचा सुमारे निम्मा भाग आणि निर्यातीचा जवळजवळ सगळा माल याच गटाचा आहे.

आता खान्देशात ती का रमली. बेटावर केळीला उबदार हवा आणि बारमाही पाऊस मिळतो, पण तिथे तिचे सगळे शत्रूही तिच्यासोबत घडलेले आहेत. झाड जन्मभूमीपासून दूर गेलं की काही काळ शत्रू मागे राहतात. जळगाव जिल्ह्यात पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. पाणी विहिरीतून आणि ठिबकमधून मुळाला मिळतं, पान मात्र आठ महिने कोरडं राहतं. करप्याच्या बुरशीला पान ओलं लागतं. ते न मिळाल्यामुळे बेटावर ज्या केळीला वर्षभर फवारा द्यावा लागतो ती इथे थोडक्यात निभावते. त्याची किंमत म्हणजे मे महिन्यातले ४४-४५ अंश आणि जानेवारीतली थंडी. तापमान १६ अंशांखाली गेलं की पानं निघणं मंदावतं, आणि निसवणीच्या वेळी थंडी सापडली तर घड गळ्यात अडकतो. उन्हाळी झळ आणि वादळासाठी शेवरी किंवा गजराज गवताची कड लावतात, ती याचसाठी.

दुसरं बळ आपल्या मातीचं. मध्य अमेरिकेत पनामा रोगाने शेकडो मळे संपवले तेव्हा असं दिसलं, की विशिष्ट चिकणमाती असलेल्या जमिनीत बागा कितीतरी जास्त वर्षं टिकल्या. भिजली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी ती चिकणमाती आपल्या काळ्या जमिनीत भरपूर असते. शिवाय या बुरशीला आम्लधर्मी जमीन मानवते आणि आपली जमीन बहुधा विम्ल, साडेसातच्या वर सामू (पीएच) असलेली. याचा अर्थ आपण सुरक्षित आहोत असा काढू नका. रोग हळू सरकेल एवढाच काढा. आणि हीच काळी जमीन पाणी धरून बसली तर मुळं गुदमरतात, कुजलेल्या मुळांतून बुरशी सहज शिरते. म्हणून गादीवाफा आणि निचऱ्याचा चर यांत कसूर करू नका.

पनामाबद्दल नीट सांगतो, कारण नुकसान सर्वांत मोठं तिथेच आहे. ही जमिनीतली फ्युजेरियम बुरशी. तिचं माहेर तेच, जंगली केळीचं. तिथल्या जंगलात ती आहे आणि केळीही आहे, कारण केळी बियांतून येते. काही रोपं मरतात, काही तगतात. शेतात आल्यावर काय झालं बघा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाची निर्यात ग्रो मिशेल या एका जातीवर चालायची. पनामाच्या रेस १ ने (रेस म्हणजे या बुरशीचा एक प्रकार) ती १९६०पर्यंत व्यापारातून जवळजवळ संपवली. कॅव्हेंडिश रेस १ ला दाद देत नव्हती, म्हणून सगळ्या जगाने ती लावली. म्हणजे एका पत्त्याच्या जागी दुसरा एकच पत्ता टाकला. १९६७च्या सुमारास तैवान बेटावर कॅव्हेंडिशही वाळू लागली. तिला मारणाऱ्या प्रकाराला आज टीआर ४ म्हणतात. १९९०च्या दशकात सुमात्रातल्या नव्या कॅव्हेंडिश मळ्यांचं त्याने वाटोळं केलं. १९९७ला तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात सापडला, मग मोझांबिक, २०१९ला कोलंबिया, २०२१ला पेरू. भारतात बिहारमधल्या कॅव्हेंडिशवर तो असल्याची शास्त्रीय नोंद २०१९ची, उत्तर प्रदेशातही तो पोहोचलेला आहे. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की टीआर ४ हा रेस १ चा वंशज नाही. त्याची मारकशक्ती वेगळ्या जनुकांतून स्वतंत्रपणे आलेली आहे. थोडक्यात, कॅव्हेंडिशचं कुलूप उघडणारी किल्ली निसर्गात आधीच पडून होती. आपण जगभर तेच एक कुलूप लावत गेलो.

"रोग काही वर्षांनी आपोआप नरम पडतो" असं पारावर ऐकू येतं. जो रोग पसरण्यासाठी चालत्या-फिरत्या जिवंत आसऱ्यावर अवलंबून असतो, त्याच्या बाबतीत काही वेळा तसं घडतं. पनामात घडणार नाही. ही बुरशी झाड मेल्यावर जाड भिंतीचे बीजाणू करून मातीत झोपते आणि वीस-तीस वर्षं तशीच राहते. यजमान मेल्याने तिचं काहीच बुडत नाही, उलट मेलेल्या खोडात तिचा साठा वाढतो. नरम पडायला तिच्यावर कसला दबावच नाही. त्यामुळे लागण झाल्यावर उपाय शोधण्यात अर्थ नाही, ती शेतात शिरू न देणं एवढंच हातात आहे.

ओळख अशी. आधी खालची, जुनी पानं कडेकडून पिवळी होतात, देठ मोडून खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबतात. खोड बुडाशी उभं चिरतं. कोवळा पोंगा (मधलं गुंडाळलेलं नवं पान) बराच काळ हिरवा उभा राहतो. पालाशच्या कमतरतेतही जुनं पान पिवळं पडतं, म्हणून पानावरून निकाल देऊ नका. खोड आडवं कापा. पनामा असेल तर आवरणांच्या आत तांबूस-तपकिरी ठिपक्यांची कडी दिसतात, उभ्या कापात तेच दोरे. पालाश कमी असेल तर आतला भाग पांढरा स्वच्छ. कंद मऊ पडून घाण वास येत असेल तर ती जिवाणूंची कंदकूज. अजून एक सोपी चाचणी आहे. तपकिरी दोऱ्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात टांगून ठेवा. दुधाळ धागे खाली उतरले तर जिवाणूजन्य मर, न उतरले तर बुरशीचा संशय बळावतो. मात्र रेस १ की टीआर ४ हे डोळ्यांनी कुणालाच सांगता येत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. नमुना स्वतः हातात घेऊन गावभर फिरू नका. कृषी अधिकारी किंवा जळगावचं केळी संशोधन केंद्र यांना शेतावर बोलवा. पुढची तपासणी तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात होऊ शकते.

निकाल येईपर्यंत सगळ्यात मोठी चूक म्हणजे ते खोड उपटून, ओढत बांधावर नेऊन टाकणं. ज्या वाटेने ओढलं त्या वाटेवर रोग पेरला. झाड जागीच ठेवा, सभोवतालच्या दोन ओळींसकट दोरी लावून जागा बंद करा, तिथलं ठिबक बंद करा, तिथे नांगर-वखर फिरवू नका आणि त्या जागेचं पावसाचं पाणी खालच्या शेतात उतरणार नाही असा बांध घाला. मारायचं असेल तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली खोडात तणनाशक टोचून उभंच मारतात.

मातीबद्दल एक बारकावा, जो फार लोक चुकवतात. बुटावर किंवा ट्रॅक्टरच्या चाकावर चिखल असताना वरून ब्लीचिंगचं पाणी मारून काही होत नाही. क्लोरीन चिखलातच संपतं, बीजाणूपर्यंत पोहोचत नाही. आधी ब्रश आणि पाण्याने चिखल पूर्ण काढा, मग क्वाटर्नरी अमोनियम गटातलं जंतुनाशक लेबलवरच्या प्रमाणात लावा आणि दोन मिनिटं तरी ओलं राहू द्या. द्रावण गढूळ झालं की फेकून नवं करा. त्याहून सोपं म्हणजे शेताच्या तोंडाशी गमबुटांचे चार जोड ठेवा, जो येईल त्याने तेच घालायचे. कापणीच्या टोळ्या सकाळी एका बागेत आणि दुपारी दुसऱ्या बागेत असतात. विळे, क्रेट आणि पाय हीच रोगाची वाहनं. उत्तरेकडून परत आलेलं वाहन बागेत घेऊ नका, बांधाबाहेर रस्त्यावरच भरा.

इथे बेटांचं शास्त्र थेट उपयोगी पडतं. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७मध्ये मांडलं, की बेटावर किती जाती असतील हे दोन गोष्टींवर ठरतं. बेट मुख्य भूमीपासून किती लांब, आणि किती मोठं. लांब असेल तर नवे जीव कमी पोहोचतात, लहान असेल तर पोहोचलेले लवकर नष्ट होतात. रोगालाही तोच हिशेब लागू आहे. सलग केळीचा पट्टा ही रोगाची मुख्य भूमी. आपली बाग लहान आणि लांबचं बेट करणं, हे आपल्या हातातलं काम. मधे समुद्र नाही, पण ज्वारी, हरभरा, ऊस यांचे पट्टे आहेत, धुतलेले बूट आहेत, आणि एकाच लॉटऐवजी वेगवेगळ्या महिन्यांत लावलेले तुकडे आहेत. दहा एकर एकदम मृगबाग (जून-जुलैची लागवड) करण्यापेक्षा चार एकर मृगबाग, चार एकर कांदेबाग (पावसाळ्याअखेरची लागवड) आणि दोन एकर बिगर केळी, असं फिरतं ठेवलं तर सगळी बाग एकाच वयात रोगाच्या तोंडी सापडत नाही. पिलबागही (पिलांवर घेतलेलं पुढचं पीक) एका मर्यादेनंतर मोडावी. जितकी वर्षं तीच मुळं त्याच जागी, तितका सूत्रकृमींचा आणि बुरशीचा साठा वाढतो.

हरण्याचा मामला अगदी वेगळा. हा काकडीवरचा मोझॅक विषाणू, सीएमव्ही. हजाराहून जास्त वनस्पतींवर तो जगतो, केळी त्यातली एक. कपाशीवर जो मावा (रस शोषणारी बारीक कीड) असतो तोच त्याला आणतो. पण तो मावा केळीवर घर करत नाही, फक्त येऊन सोंड खुपसून चव बघतो आणि न आवडल्याने उडून जातो. तेवढ्यातच काम होतं. विषाणू त्याच्या सोंडेच्या टोकाला चिकटतो, उचलायला काही सेकंद आणि सोडायलाही काही सेकंद पुरतात. कीटकनाशकाने मावा मरायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणूनच आठ दिवसांनी फवारूनही हरण्या थांबत नाही, आणि दुकानदार दुसरं औषध देतो. भोपळ्यावरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे, की हा विषाणू लागलेलं झाड माव्याला ओढणारा वास जास्त सोडतं, पण चवीला बेचव असतं. मावा येतो, चाखतो, लगेच दुसऱ्या झाडावर जातो. विषाणूला याहून सोयीचं काय असणार? नैसर्गिक निवडीने त्याला असंच घडवलं.

म्हणून हरण्याशी लढाई केळीत नाही, बांधावर आहे. केना हे तण या विषाणूचं हक्काचं घर, ते बांधावरून आणि ओळींतून मुळासकट काढा. केळीत किंवा लगत काकडी, भोपळा, गिलकी, कारली, टरबूज, मिरची, टोमॅटो, वांगी, चवळी घेऊ नका. तात्पुरत्या चार पैशांच्या आंतरपिकाने बाग जाते. ढगाळ, सततच्या रिमझिमीचे दिवस आणि २४ अंशांखालचं तापमान विषाणूला मानवतं. जून-जुलैत लावलेलं रोप नेमकं ऑगस्टच्या अशा दिवसांत दीड-दोन महिन्यांचं, म्हणजे सर्वांत नाजूक असतं. लागवडीनंतर पहिले तीन महिने दर चार-पाच दिवसांनी ओळीओळीने बघा. कोवळ्या पानावर शिरांना समांतर तुटक पिवळे पट्टे, पान अरुंद, कडा वर वळलेल्या, पुढे पोंगा सडणं, ही खूण. एक दिसलं तरी त्याच दिवशी मुळासकट काढून बांधाबाहेर लांब पुरा. "दोन दिवस बघू, सुधारेल" असं म्हणत थांबणं सर्वांत महाग पडतं, कारण ते रोप सुधारत नाही आणि त्या दोन दिवसांत मावा त्यावरून शंभर ठिकाणी जातो. काढून झाल्यावर मग शिफारशीप्रमाणे माव्याची फवारणी. नांगी (गेलेल्या रोपांच्या मोकळ्या जागा) भरण्यासाठी त्याच लॉटची वाढवून ठेवलेली रोपं वापरा. शंभरात पंधरा-वीसच्या वर रोपं गेली असतील तर, माझं स्पष्ट मत, तो तुकडा मोडून कांदेबागेला नव्याने लावावा. नांगी भरत राहिलेल्या बागेत वयाचा मेळ बसत नाही आणि कापणी तीन-तीन महिने रेंगाळते.

करप्याचं इंग्रजी नाव सिगाटोका, ते फिजी बेटावरच्या एका नदीखोऱ्याचं. पर्णगुच्छ (बंची टॉप) या केळीच्या दुसऱ्या विषाणूरोगाची पहिली नोंदही फिजीचीच, १८८९ची, आणि तो आपल्या देशात श्रीलंकेतून शिरला. बेटांची आठवण अशी आपल्या रोगांच्या नावांतही आहे. करप्याची बुरशी लैंगिक रीतीनेही बीजाणू करते, म्हणजे तिचे पत्ते सतत पिसले जातात. तुम्ही एकच बुरशीनाशक वारंवार मारलंत तर तुम्ही स्वतः तिची निवड करता. जी तगली तिचीच पिलावळ उरते. म्हणून गट बदलायचा. दहा लिटर पाण्याला मॅन्कोझेब २५ ग्रॅम, पुढच्या वेळी प्रोपिकोनॅझोल १० मिली अधिक खनिज तेल १०० मिली, त्यापुढे पुन्हा मॅन्कोझेब. कार्बेन्डाझिम १० ग्रॅम वर्षातून एखाद्या वेळेपेक्षा जास्त नको, त्याला प्रतिकार जगभर लवकर आला. पानाच्या खालच्या बाजूलाही द्रावण पोहोचलं पाहिजे आणि चिकट द्रव्य हवंच. पानाचा करपलेला तेवढाच भाग कापा, अख्खं पान उतरवू नका. निसवताना निदान आठ-दहा कार्यक्षम पानं हवीत, नाहीतर घड भरत नाही. कापलेली पानं ओळीत टाकायची तर वरची बाजू जमिनीकडे करून एकावर एक रचा, बीजाणू वर उडणं कमी होतं.

रोपाबद्दल. टिश्यूचं रोप निर्जंतुक बाटलीतून येतं, म्हणून पनामा त्यात येत नाही. येतो तो नंतर, रोपवाटिकेत उघड्यावरची माती पिशवीत भरली तर. विषाणू मात्र मातृरोपातूनही येऊ शकतो. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांची प्रमाणन पद्धत २००६पासून आहे. बिल घेताना विषाणू तपासणीचं प्रमाणपत्र आणि लॉट नंबर मागा, तोंडी भरवसा घेऊ नका. रोपवाटिकेची जाळी कीटकरोधक आहे का, आत-बाहेर केना आणि वेलवर्गीय पिकं आहेत का, हे स्वतः जाऊन बघा. पाच-सहा पानं आणि सुमारे एक फूट उंची असलेलं रोपच लावा. एकाच बाटलीतून फार वेळा पुनर्लागवड केली की बुटकी, विचित्र पानांची रोपं निघायला लागतात, म्हणून चांगल्या प्रयोगशाळा आठाच्या आसपास थांबतात. नवं रोप जमिनीत गेल्यावर पहिले काही महिने पिलापेक्षाही नाजूक असतं, कारण त्याच्या अंगात आणि मुळांभोवती उपयोगी सूक्ष्मजीवांची वस्ती झालेली नसते. शेणखतात वाढवलेली ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लागवडीच्या वेळी द्यायची ती याचसाठी. तिने पनामा बरा होत नाही.

आता जात बदलावी का. या विचित्र रोपांमध्येच तैवानला वाट सापडली. तिथल्या केळी संशोधन संस्थेने टिश्यूची हजारो रोपं मुद्दाम रोगट जमिनीत लावली आणि त्यांतली जगलेली निवडली. त्यातून फॉर्मोसाना ही टीआर ४ बऱ्यापैकी सोसणारी कॅव्हेंडिश मिळाली. केळीत थांबलेली निवड माणसाने अशी हाताने चालू केली. दुसरी वाट ऑस्ट्रेलियाची. मलायाकडच्या जंगली उपजातीतल्या एका रोपाचं प्रतिकारक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातलं आणि क्यूसीएव्ही-४ नावाच्या या केळीला फेब्रुवारी २०२४मध्ये तिथे मान्यता मिळाली. गंमत म्हणजे तेच जनुक कॅव्हेंडिशमध्येही आहे, फक्त जवळजवळ निजलेलं. यांपैकी काहीही उद्या रावेरच्या रोपवाटिकेत मिळणार नाही. वेलची लावा असं कुणी सुचवेल, पण वेलचीला रेस १ धरतो, आणि भाजीच्या केळीला आणखी वेगळा रेस. 'सगळ्या रोगांना पुरून उरणारी' असं सांगून कुणी रोप विकत असेल तर घेऊ नका. मुख्य क्षेत्रात ग्रँड नैनच ठेवा, कारण बाजार तिचा आहे, पण एखादा कोपरा वेलची, राजेळी, लाल केळी यांना द्या आणि कोण काय सोसतं याची वही ठेवा.

या सगळ्याचं मूळ भांडवल जंगली केळीत आहे आणि ती बेटांवर, डोंगरांत आहे. लिट्ल अंदमानच्या जंगलात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञाला २०१०च्या दशकात नारिंगी गराची एक नवी जंगली केळी सापडली. ग्रेट निकोबार बेटावरच्या बंदर-विमानतळाच्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळवायला २०२२मध्ये मंजुरी मिळाली आणि बदल्यात हरियाणात झाडं लावायची ठरली, ही बातमी म्हणून खान्देशातल्या केळीवाल्यानेही कान देऊन ऐकावी. समुद्राने लाखो वर्षं वेगळं ठेवून जे घडवलं ते दुसऱ्या राज्यात रोपं लावून भरून येत नाही. आपल्याही हातात काही आहे. सातपुड्यात रानकेळीच्या बियांना औषधाच्या बाजारात मागणी आहे आणि तिला पील नाही. घड पिकायच्या आत कापला तर त्या झाडाचा वंश तिथेच संपतो. विकत घेणाऱ्याने पिकून गळालेल्या फळांचं बी मागावं, आणि गोळा करणाऱ्याने निदान अर्धे घड कड्यावरच सोडावेत.